उसनं नाक

टाकी एक: खार

"आंबेमोहोर काय, बाई?"

बाबालाल शिकलगार माझ्या डब्यातला भात खात होते. लॅबच्या टेबलावर, ब्युरेटच्या स्टँडशेजारी, खाली वर्तमानपत्र अंथरून. भात रेशनच्या तांदळाचा होता आणि त्या दिवशी त्याला रॉकेलचा वास येत होता. सकाळी स्टोव्ह भरताना माझा हात सुटला, पातेल्यात थोडं सांडलं, दुसरा भात लावायला वेळ नव्हता. मी दोन घास खाऊन डबा बाजूला सारला, तो त्यांनी आपल्याकडं ओढून घेतला.

"चेष्टा करताय, मामू," मी म्हणाले.

"चेष्टा कसली? वास बगा की कसा सुटलाय."

त्यांनी शेवटची शितंसुद्धा बोटानं निपटून घेतली. हसले, तेव्हा त्यांच्या नाकातून बारीक शीळ आल्यासारखा आवाज झाला. तो आवाज मी रोज ऐकत होते. मला ती त्यांची लकब वाटायची.

माझं मन राखायला खातायत, असं मी धरून चालले.

साल सत्त्याऐंशी. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत सायकलच्या हँडलांना क्रोम चढवायचं शॉप. एकोणचाळीस पुरुष आणि मी. मी वेंगुर्ल्याची, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, वय एकतीस, लग्न न झालेली. एका गिरणीच्या वर खोली करून राहायचे. शॉपमध्ये मला 'केमिष्टबाई' म्हणत. मी शेडमध्ये पाऊल टाकलं की चाललेलं बोलणं थांबायचं आणि मी बाहेर पडले की हसणं ऐकू यायचं. कुणी वाईट वागत नव्हतं. वागतच नव्हतं कुणी.

बाबालाल मामू क्रोमच्या टाकीवर होते. सेहेचाळीस वर्षांचे. बायको वारलेली, एकुलती लेक मिरजेला दिलेली. पहिल्यांदा डबा घेऊन लॅबच्या दारात उभे राहिले तेव्हा म्हणाले होते, "घरात भिंतीकडं बगून जेवतो. हितं तरी माणसाकडं बगून जेवीन म्हटलं. चालंल का?"

चाललं.

पाणी

प्रत्येक टाकीनंतर जॉब, म्हणजे मुलामा द्यायचं हँडल, पाण्यात बुडवायचा असतो. नाहीतर मागच्या टाकीतलं पुढच्या टाकीत जातं आणि पुढची टाकी मरते. नवीन माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात.

टाकी तीन: तेजाब

रोज सकाळी मी काचेच्या बाटलीत बाथचा, म्हणजे टाकीतल्या द्रावणाचा, नमुना घ्यायला जायची, तेव्हा मामू आधीच आकडा सांगायचे.

"दोनशे अडतीस."

म्हणजे एका लिटरला दोनशे अडतीस ग्रॅम क्रोमिक. मी लॅबमध्ये येऊन नमुना पातळ करायची, अ‍ॅसिड घालायची, वरून ब्युरेटमधून फेरस सोडायची. नारिंगी पाणी मळकं व्हायचं, मग एका थेंबाला हिरवं. गणित करून मी आकडा काढायची. दोनशे चाळीस. दोनशे सदतीस. एकदा दोनशे अडतीसच.

"कसं ओळखता?"

"वासावर."

"क्रोमिकला वास असतो?"

"तुमास्नी न्हाई यायचा. कालेजात शिकवत न्हाईत ते."

आमच्या लाइनीत तांब्याची टाकी निळी, निकलची हिरवी, क्रोमची नारिंगी. हे सगळे एका घराण्यातले धातू, पाण्यात विरघळले की रंग दाखवतात. हँडलावर चढले की रंग जातो आणि आरसा उरतो. क्रोमचा तर पाण्यातही एक रंग टिकत नाही. तो नारिंगी असतो तोवर भुकेला असतो. समोर येईल त्याच्याकडून ओढून घेतो, मग ते लाकूड असो, कातडी असो की सुताचा शर्ट असो. पोट भरलं की हिरवा होतो, आणि मग कुणाच्या वाटेला जात नाही.

हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले, "आमच्या सासूबाई अशाच हुत्या."

त्या दिवशी मी इतकी हसले की शेडमधून कुणीतरी डोकावून गेलं.

आकडा चुकला की त्यांना 'केमिष्ट' म्हणून हाक मारायची आणि माझा चुकला की मला 'प्लेटर', म्हणजे मुलामा चढवणारा, म्हणायचं, असं ठरलं होतं. माझा दोनदा चुकला. 'ओ प्लेटर' अशी हाक सबंध शेडमध्ये ऐकू आली होती. घरी जाताना ती मला आठवत होती.

पाणी

रॉकेलच्या भाताचा उलगडा मला तिसऱ्या दिवशी झाला. निकलच्या टाकीत घालायच्या रसायनाचं पिंप फुटलं. त्याला सडक्या फळासारखा वास असतो, आणि तो शेडभर पसरला. माणसं शर्ट तोंडावर धरून बाहेर पळाली. मामू टाकीपाशी उभे होते. सगळे कुठं निघाले म्हणून बघत होते.

टाकी पाच: निकल

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कदीपास्नं?"

"वास."

त्यांनी लॅबचं दार लोटलं. हँडलं घासायच्या बफिंगच्या चाकाचा एक सुती धागा त्यांच्या शर्टाला चिकटला होता. तो काढून त्यांनी बोटावर ओला केला, डाव्या नाकपुडीत सरकवला आणि उजव्या नाकपुडीतून बाहेर ओढला. दोन्ही टोकं हातात धरून माझ्याकडं बघितलं. बैल बघतो तसं, मान जरा खाली घालून.

"वेसण," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. दुखत न्हाई काय न्हाई. क्रोमवर मानूस जुना झाला की पडतीच. माझ्या जोडीला टाकीवर दत्तू हाय, त्येची बी हाय. पडली की बाकीची जिलबी आनत्यात. प्लेटर झाला म्हनायचं."

"आणि वासावर आकडा सांगता ते?"

"कानानं सांगतो. बुडबुड्याचा आवाज येतो न्हवं का. आन हँडल वर काडल्यावर थेंब कसा पळतो ते बगायचं. मेलेल्या नाकाचा मानूस हाय म्हनून सांगत हिंडू काय?"

क्रोमच्या टाकीवरून वाफ येते तिचे बारीक थेंब श्वासाबरोबर आत जातात आणि नाकाचा पडदा कुरतडतात. वाफ ओढायचा पंखा आमच्याकडं होता. तो लावला की वाफेबरोबर मालही जातो, म्हणून शॉपचे मालक मगदूमशेट तो बंद ठेवायला सांगत. तपासणी असली की चालू.

तपासणी सोमवारी होती. वर्षातून एकदा बाहेरून डॉक्टर यायचा, टॉर्च लावून शॉपमधल्या प्रत्येकाचं नाक बघायचा. पडद्याला भोक दिसलं की त्या माणसाला क्रोमवरून हलवायचं, असा नियम होता. नियम चुकवायची रीत नियमाइतकीच जुनी होती. पॅकिंगमध्ये सर्जेराव बोडके म्हणून एक होता, पन्नाशीच्या आतबाहेरचा, त्याचं नाक कोरं होतं. सर्जेराव टोपी घालून दत्तू खोत व्हायचा, टोपी काढून सर्जेराव व्हायचा, चष्मा लावून बाबालाल शिकलगार व्हायचा. डॉक्टर दरवर्षी नवा, त्याला चेहरे ठाऊक नसत. सर्जेरावच्या नाकावर दोन माणसांची टाकी चालली होती.

"यंदा नावं कोन वाचनार?" दोन दिवसांनी, शुक्रवारी, जेवताना मामूंनी विचारलं.

"मी. शेटनी रजिस्टर माझ्याकडं दिलंय."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"बाई, तेवढं नाव वाचायचं आन खाली बगायचं. दुसरं काय नको."

"मामू, हे नाकावर थांबत नाही. पुढं छातीत जातं."

"जाऊ दे."

"क्रोमवरून हलवलं म्हणून काय बिघडतं? दुसरं काम देतील."

"झाडू देतील." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "माझा बाप तलवारी-कात्र्यांना धार लावायचा. त्याचा बाप बी त्येच. आमी धातूला तोंड दावनारी मानसं. सकाळी बाथपाशी हुबा राहिलो की मी हाय असं वाटतंय मला. घरात तसं वाटत न्हाई. टाकी गेली तर मग मी कुटं हाय, ते सांगा."

मी म्हणाले, "ठीक आहे. खाली बघीन."

"शब्द?"

"शब्द."

पाणी

त्या शनिवारी त्यांचा आकडा बरोबर आला. दोनशे एकेचाळीस.

टाकी सात: क्रोम

डॉक्टर पोरसवदा होता. शेटच्या केबिनमध्ये खिडकीला पाठ करून बसला, टॉर्च हलवून बघितली. मी शेजारी रजिस्टर घेऊन. बाहेर वऱ्हांड्यात रांग. पंखा सकाळपासून घरघरत होता.

"दत्तात्रय बाळू खोत, वय चव्वेचाळीस," मी वाचलं.

सर्जेराव टोपी घालून आला. मान वर केली. डॉक्टरनं टॉर्च मारली, "छान" म्हणाला, लिहिलं.

चार माणसं गेली. त्यात दोघांच्या नाकात खपल्या निघाल्या, डॉक्टरनं व्हॅसलीन लावायला सांगितलं.

"सर्जेराव केशव बोडके, वय अठ्ठेचाळीस."

सर्जेराव टोपी काढून आला.

"तुम्हाला मघाशी बघितलं का?"

"आमच्यात समदी सारकीच दिसत्यात, सायेब. एकाच हिरीचं पानी."

डॉक्टर हसला. शेट हसले. आणखी तिघं झाले.

"बाबालाल इमाम शिकलगार, वय सेहेचाळीस."

सर्जेराव मामूंचा चष्मा लावून आला. चष्म्यातून त्याला धड दिसत नव्हतं, खुर्चीला अडखळला. डॉक्टरनं टॉर्च उचलली आणि तशीच धरली. त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हेच शिकलगार?"

मला खाली बघायचं होतं. रजिस्टरवर मी स्वतःच आखलेल्या लाल रेघा होत्या. दारातून वऱ्हांडा दिसत होता. मामू रबरी अ‍ॅप्रन घालून भिंतीला टेकून उभे होते आणि चष्मा नसल्यामुळं डोळे बारीक करून आत बघत होते. त्यांना काही दिसत नसणार. ऐकू मात्र येत होतं.

"नाही," मी म्हणाले. "शिकलगार बाहेर उभे आहेत."

पंख्याचा आवाज होता म्हणून बरं. सर्जेरावनं चष्मा काढून हातात घेतला आणि तो कुणाला द्यावा ते त्याला कळेना. शेटनी कपाळ धरलं. डॉक्टरनं मामूंना आत बोलावलं, टॉर्च मारली, एका नाकपुडीतला उजेड दुसरीतून बाहेर पडला. डॉक्टर म्हणाला, "अरे बापरे," आणि लिहायला लागला.

मामू जाताना माझ्याकडं बघतील असं वाटलं होतं. त्यांनी सर्जेरावकडून चष्मा घेतला, शर्टानं पुसला, लावला.

पाणी

ही हकीकत मी इथं थांबवते. निवृत्तीनंतर मला वसाहतीतल्या शॉपांमध्ये सुरक्षेवर बोलायला बोलावतात. नवी मुलं-मुली समोर असतात. मी क्रोमचे रंग सांगते, वेसण सांगते, सर्जेरावची टोपी सांगितल्यावर सगळे हसतात. मग 'शिकलगार बाहेर उभे आहेत' म्हणते. तिथं टाळ्या पडतात. कुणीतरी उठून विचारतं, मॅडम, त्यांचं पुढं काय झालं? मी सांगते की बाबालाल मामू आणखी बावीस वर्षं जगले. ते खरं आहे. खरं बोलायला धैर्य लागतं, असं शेवटी म्हणते. नारळ आणि शाल मिळते.

पाणी, दुसऱ्यांदा

क्रोमनंतर एका पाण्यानं भागत नाही. दोन लागतात.

तपासणीच्या आधीच्या गुरुवारी, म्हणजे मामूंनी धागा ओढून दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी शेटच्या केबिनमध्ये गेले होते.

"शेट, लॅबला एक माणूस हवाय. मदतीला."

"लॅबला कसला माणूस? चार बाटल्या धुवायला?"

"एकटीला होत नाही."

होत होतं. सकाळी दहापर्यंत माझं काम आटपायचं. नंतर साडेपाचपर्यंत मी खिडकीतून टाक्या बघत बसायची. मामूंची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. बारा तीसला यायचे, एकला जायचे. एक वाजून एक मिनिटानं लॅबमध्ये जे व्हायचं त्याला मला शब्द सापडलेला नाही.

शेट म्हणाले, "बाई, नवा माणूस मी देणार नाही. प्लेटिंगवरचा कुणी कामातून बाद झाला तर घ्या तुम्हाला. तो तसाही बसूनच खाणार."

शब्द मी त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दिला. शब्द देताना मला हे माहीत होतं.

आणि दत्तूच्या वेळी मी खाली बघितलं होतं. दत्तू पुढं नऊ वर्षं क्रोमवर होता. टाळ्या वाजतात तेव्हा दत्तू कुणाला आठवत नाही, कारण त्याची टोपी मी फक्त हसण्यापुरती सांगते.

वाळवण

मंगळवारी मामू लॅबमध्ये कामाला आले. मी त्यांच्यासाठी स्टोअरमधून स्टूल आणून ठेवलं होतं, पुसून. त्यांनी ते ओढून भिंतीपाशी नेलं आणि बसले.

"चहा घेऊ या?"

"घ्या."

"तुम्हाला?"

"नको."

मी त्यांना काचेची भांडी धुवायला शिकवलं. ब्युरेट भरायला, बुडबुडा काढायला शिकवलं. ते भराभर शिकले. रंग पालटायचा थेंब मला कळायच्या आधी त्यांना कळायचा. मी अजून हात लावायच्या आधीच ते तोटी बंद करायचे, आणि फ्लास्क हिरवागार असायचा. इतकं चांगलं टायट्रेशन मी कॉलेजात एकाचंही बघितलं नव्हतं. मी तसं म्हणाले. ते "व्हय" म्हणाले.

शेडमध्ये त्यांच्या टाकीवर दत्तूच्या जोडीला नवा माणूस आला होता. हँडलं करपून यायला लागली, टोकांना राखी रंग चढायला लागला. रिजेक्टचा ढीग लॅबच्या खिडकीतून दिसायचा. एकदा मामू बसल्या जागी म्हणाले, "थंड झालाय." मी थर्मामीटर घेऊन धावत गेले. बाथ सदतीस अंशांवर आला होता, हवा होता पंचेचाळीस. हीटर बंद पडलेला कुणाच्या लक्षात आला नव्हता. भिंतीपलीकडून त्यांनी ते आवाजावरून ओळखलं होतं. मी परत येऊन सांगितलं, "मामू, बरोबर. सदतीस." त्यांनी मान हलवली. त्या दिवशी मला वाटलं, आता बोलतील.

जेवायच्या सुट्टीत ते डबा घेऊन बाहेर जायचे. शेडच्या मागं, लिंबाखाली, बाकीच्यांपासून जरा लांब बसायचे. बाकीचे त्यांना बोलवायचे नाहीत, कारण आता ते लॅबचे होते. साडेबारा ते एक मी खिडकीतून त्यांची पाठ बघायची. एक वाजला की ते आत येऊन स्टुलावर बसायचे. आठ तास आम्ही एका खोलीत असायचो.

बाराव्या दिवशी सकाळी मी टायट्रेशन करत होते. मामू शेजारी रजिस्टर धरून उभे. तोटी माझ्या हातात होती.

"बाई, एक विचारू?"

"विचारा की." माझ्या आवाजात आनंद होता, तो मलाच ऐकू आला.

"सर्जा दत्तू झाला तवा तुमी खाली बगितलं. सर्जा मी झाला तवा वर बगितलं. का?"

थेंब पडत होते. नारिंगी पाणी मळकं व्हायला लागलं होतं.

"डॉक्टरनं विचारलं म्हणून. दत्तूच्या वेळी विचारलं नाही."

"सर्जाला 'मगाशी बगितलं का' म्हनून त्यानं अडवलं तवा बी तुमी बोलू शकला असता."

"तुमच्या तब्येतीसाठी केलं, मामू. छातीत गेलं असतं."

"दत्तूला छाती न्हाई?"

मी तोटी बंद केली. परत सोडली.

"शेटनी काल मला सांगितलं," ते म्हणाले. रागानं नाही. आकडा सांगायचे त्याच आवाजात. "म्हनले, शिकलगार, तुझं नशीब बरं, बाईनं आदीच मानूस मागून ठेवला हुता. न्हाईतर तुला गेटवर बसवला असता. मी इचारलं, कदी मागितला? म्हनले, तपासनीच्या आदी."

फ्लास्क माझ्या हातात गोल फिरत होता. मी त्याच्याकडंच बघत होते.

"मी दुपारचा येतच हुतो की, बाई," ते म्हणाले. "सांजचं बी थांबलो असतो. मला तरी कोन हाय घरात? निस्तं म्हनायचं हुतं, मामू, थांबा जरा."

ते थांबले. मला वेळ देत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. नाकातून श्वासाची बारीक शीळ येत होती. माझ्या तोंडात शब्द होते, दोनच होते, अवघडही नव्हते. मी उजेडाकडं फ्लास्क धरला. हिरवा झाला होता. कधी झाला ते मला दिसलं नव्हतं. एक थेंब असेल जास्तीचा, दोन असतील.

"अठरा पॉइंट चार," मी ब्युरेटवरची रेघ वाचून म्हणाले. "लिहा."

त्यांनी लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या ठळक आकड्यांत, रेघेला नीट टेकवून. पेनाला टोपण लावलं, रजिस्टर मिटलं आणि माझ्या बाजूला सरकवलं. मग दाराशी जाऊन चपला घातल्या.

"उद्यापास्नं मिरजेला जातोय, लेकीकडं," ते म्हणाले. "आन ह्यो आकडा चुकलाय, बाई. परत काडा."

मी परत काढला. अठरा पॉइंट तीन होता.